आवडती भांडी: वापरता कोणती आणि ठेवता कुठे?

फडताळ

नमस्कार मंडळी. स्वयंपाकघर नव्याने करायला काढलंय. सुतार रोज विचारतो, ट्रॉल्या किती, कप्पे किती खोल, वरची कपाटं किती उंचीवर. आणि माझं गाडं अडलंय ते भांड्यांपाशी. माळा रिकामा केला तेव्हा सासूबाईंच्या संसारातली पितळी पातेली, एक भलीमोठी परात, काशाच्या वाट्या, बिडाचे दोन तवे, लाकडी पंचपाळं, घंगाळ आणि एकात एक बसवलेल्या, नाव घातलेल्या तपेल्या असा सगळा ऐवज खाली आला. सासूबाईंचं म्हणणं स्पष्ट आहे: "वापरणार असलीस तर ठेव, नुसतं जपायला ठेवू नकोस." नवऱ्याला सगळं ठेवायचंय. घासायला तो नाही, हे वेगळं सांगायला नको.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तुम्ही रोजच्या रोज हातात घेता असं आवडतं भांडं किंवा हत्यार कोणतं? आणि ते ठेवता कसं? नुसतं "ट्रॉलीत" असं नको, नीट सांगा.

माझ्यापुरतं सांगते. ओगराळं. पितळेचं, लांब दांड्याचं. वरण वाढताना एका ओगराळ्यात एका माणसाचं होतं, अंदाज चुकत नाही. ते ओट्यावरच्या खिळ्याला टांगलेलं असतं आणि नव्या स्वयंपाकघरातही त्याचा खिळा पक्का आहे.

अर्धी_वाटी

घंगाळ ठेवा, पण त्यात मनी प्लांट लावू नका एवढी कळकळीची विनंती. हल्ली ज्या घरी जावं तिथे दिवाणखान्यात घंगाळ आणि घंगाळात झाड.

खमंग_फोडणी

माझी लोखंडी कढई. लहानशी, दोन कानांची. काचऱ्या तिच्यात होतात तशा दुसऱ्या कशात होत नाहीत. कडा कुरकुरीत होतात आणि तेल कमी लागतं. पण शिजलं की भाजी लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची. तशीच राहिली तर काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते. आमसूल-चिंच घातलेलं काही तिच्यात करायचं नाही.

ठेवायचं म्हणाल तर धुतली की पुसायची, मंद आचेवर मिनिटभर तापवायची, तेलाचं बोट फिरवून पुन्हा फडक्याने पुसून काढायचं. हे शेवटचं पुसणं बहुतेक जण विसरतात. तेल राहिलं की त्याचा चिकटा होतो, त्यावर धूळ बसते आणि पंधरवड्याने खवट वास येतो.

घरकोंबडा

आमच्याकडे स्वयंपाक मी करतो, त्यामुळे या धाग्यावर माझा हक्क आहे.

आवडतं हत्यार: सांडशी. जुनी, जड, तोंड जुळलेली. नव्या सांडश्यांचा रिव्हेट दोन महिन्यांत सैल होतो आणि मग भरलं पातेलं उचलताना पोटात गोळा येतो.

आता खरा मुद्दा. ट्रॉली हे प्रकरण मला कधी पटलेलं नाही. आमच्या भिंतीवर स्टीलची मांडणी आहे. ताटं उभी, वाट्या रांगेत, पेले उपडे, खाली डाव-झारे-उलथनी टांगलेली. काय कुठे आहे ते दिसतं, हात वर केला की वस्तू हातात. ट्रॉलीत एक पातेलं काढायला चार बाहेर काढावी लागतात, म्हणून माणूस वरचं एकच वापरत राहतो आणि खालची तीन तशीच म्हातारी होतात. फडताळताई, मांडणी करा.

पन्हं

घरकोंबडा, मांडणी कोण पुसतं तुमच्याकडे? फोडणीचा धूर उठतो तो त्या वाट्यांवरच जाऊन बसतो. वर धूळ. पाहुणे आले की ताट आधी धुवा, मग वाढा. ट्रॉलीत निदान झाकलेलं असतं.

घरकोंबडा

मीच पुसतो. रविवारी. तुमच्या ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात झुरळं काय करतात ते कधी पाहिलंत का?

पन्हं

झुरळं ओल्या भांड्यांमुळे येतात, ट्रॉलीमुळे नाही. भांडी निथळून, कोरडी करून आत ठेवायची. आमच्याकडे रात्रभर जाळीच्या टोपल्यात, सकाळी आत. प्रश्न संपला.

वैदर्भीण

पितळेचा विषय निघाला म्हणून लिहायला बसले. आमचं माहेर भंडाऱ्याकडचं. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, त्यामुळे आमच्या घरात गुंडापासून गडव्यापर्यंत सगळं पितळी. आणि मग स्टील आलं. हलकं, चमकतं, चिंच लावायला नको, कल्हई नको. आईने आणि काकूने मिळून निम्मी पितळी भांडी मोडीत दिली आणि स्टीलचे डबे आणले. त्या दोघींना दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. रोज दहा माणसांची भांडी राखेने घासणाऱ्या बायकांना स्टील म्हणजे सुटका वाटली असणार. आज आपण "अय्या, किती छान पितळ" म्हणतो, कारण घासायला बाई आहे आणि माणसं तीन आहेत.

तरी जी राहिली त्यातली एक गंजी मी आणली. तिच्यात भात करते. बुडाला लागत नाही, हे तिचं मोठेपण.

सांडशी_नव्हे_पक्कड

+१. बोहारणीला आजीचं नऊवारी देऊन घेतलेला स्टीलचा डबा आमच्याकडे अजून आहे. डबा आहे, लुगडं नाही.

धातुकर्मी

वैदर्भीण यांनी लिहिलंय ते अगदी खरं, आणि भात का लागत नाही त्याचंही कारण आहे. स्टेनलेस स्टील उष्णता फार हळू पसरवतं. तांब्याच्या तुलनेत साधारण पंचविसाव्या हिश्श्याने. ज्योत जिथे लागते तिथेच तापतं, म्हणून दूध बुडाला गोल आकारात लागतं. पितळ त्याच्या सहा-सात पट बरं. म्हणून चांगल्या स्टीलच्या पातेल्यांना बुडाशी ॲल्युमिनियम किंवा तांब्याचा थर देतात.

फडताळ, तुमच्या पितळी पातेल्यांना आतून कल्हई आहे का ते आधी बघा. आत चांदीसारखा पांढुरका रंग असेल तर आहे. मधेमधे पिवळे-लालसर डाग दिसत असतील तर उडाली आहे, आणि त्यात ताक, टोमॅटो, आमटी काहीही आंबट ठेवू नका, कळकेल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटाने तांबं सुटतं आणि मग मळमळ, उलट्या.

कल्हई म्हणजे आतून कथलाचा पातळ थर. भांडं तापवतात, नवसागराची पूड टाकतात, पांढरा धूर निघतो, त्याने धातूवरचा मळ सुटतो. मग कथलाची कांडी टेकवली की ते वितळतं आणि कापसाच्या बोळ्याने भराभर आत फिरवतात. लगेच पाण्यात. सगळा खेळ मिनिटभराचा. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. तळणाचं तेल १८०-१९० च्या आसपास असतं, म्हणजे फोडणीपुरतं चालून जातं. पण रिकामं भांडं गॅसवर विसरलात तर कल्हई गेलीच. आणि तारेच्या घासणीला हात लावायचा नाही.

कल्हई करताना शिसं मिसळलेलं कथील वापरत नाहीत ना, हे विचारा. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर बारीक करकर ऐकू येते. शिसं जास्त असेल तर ती येत नाही.

अर्धी_वाटी

म्हणजे आता कल्हईवाल्याकडे जाऊन त्याची कांडी कानाला लावायची. तो मला परत दारात उभं करणार नाही.

चष्मिष्ट

धातुकर्मी, एक शंका. स्टील चांगलं की नाही ते लोहचुंबक लावून कळतं असं दुकानदार सांगतात. खरं का?

धातुकर्मी

अर्धवट खरं. ज्याला ३०४ म्हणतात (साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) त्याला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं २०२ हेही चिकटत नाही. त्यामुळे चुंबकाने या दोघांत फरक करता येत नाही. उलट चुंबक चिकटणारं ४३० स्टील टाकाऊ नसतं, चमचे-सुऱ्यांत ते सर्रास असतं. इंडक्शनवर भांडं चालेल की नाही, एवढं मात्र चुंबकाने नक्की कळतं. बुडाला चिकटला तर चालेल.

खमंग_फोडणी

पितळ जड असतं म्हणून ट्रॉली खचते, असं आमचा सुतार म्हणत होता.

धातुकर्मी

पितळ स्टीलपेक्षा थोडंसंच जड असतं, दहा टक्क्यांच्या आसपास. जुनी पितळी भांडी जाड पत्र्याची असतात, म्हणून जड लागतात. सुताराला ट्रॉलीच्या खालच्या चॅनलची क्षमता विचारा आणि जड ते सगळं कमरेच्या खाली ठेवा. वरच्या कपाटात परात ठेवणाऱ्याला मी तरी स्वयंपाकघरात उभं राहू देणार नाही.

कोकणकडा

बिडाच्या तव्यांवर कोणी बोललंच नाही! फडताळ, ते दोन तवे म्हणजे तुमच्या माळ्यावरचं सोनं आहे. बाकी काही द्या, तवे देऊ नका.

आमच्याकडे घावनाचा तवा वेगळा. त्यावर पोळी नाही, भाकरी नाही, ऑम्लेट तर नाहीच. आई तो शेजारी मागायला आले तरी देत नसे. एरवी विहिरीचं पाणी देईल, पण तवा नाही. तेल लावायला नारळाची शेंडी किंवा अर्धा कांदा काट्याला टोचलेला. आधी तवा चांगला तापवायचा, थोडं पाणी शिंपडायचं, थेंब नाचायला लागले की पीठ घालायचं. पहिलं घावन फाटतं, ते घरच्या मांजराचं किंवा बाबांचं.

तुमचे तवे माळ्यावर राहिले असतील तर गंज धरला असणार. घाबरू नका. काथ्याने किंवा तारेने गंज घासून काढा, धुवा, लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा करा. मग अगदी थोडं तेल सगळीकडे, मागेही, दांड्यालाही, आणि जवळजवळ सगळं पुसून टाका. पुन्हा तापवा, धूर यायला लागला की बंद. निवला की परत तेच. असं चार-पाच वेळा केलं की काळा तुकतुकीत थर येतो. तेल जास्त लावलं तर हाच थर चिकट होतो आणि पोपडे निघतात, म्हणून हात आखडता ठेवा.

आणि ठेवायचा कसा? आमच्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा घाम गाळतात. तवा उभा, हवेत, खुंटीला. दुसऱ्या भांड्याखाली दाबून ठेवला की मधे ओल अडकते. ठेवायलाच लागला तर मधे वर्तमानपत्राचा कागद आणि तोही पंधरा दिवसांनी बदलायचा.

पन्हं

कोकणकडा, तुमची पोस्ट वाचून भूक लागली. नॉनस्टिकचं काय पण? मी तरी डोशाला तेच वापरते. सोपं पडतं.

कोकणकडा

वापरा की. रिकामा तापवत ठेवू नका फक्त. तो लेप २६० अंशांपुढे खराब व्हायला लागतो. आणि एकावर एक रचताना मधे फडकं घाला, ओरखडे वरच्या भांड्याच्या बुडानेच पडतात.

शेजारची_काकू

मी जरा उशिरा आले. माझी विळी. घडीची नाही, पाटाची. खोबरं खवायचं चक्र पुढे. सुरीने कांदा चिरणाऱ्या सुना बघून मला नेहमी त्यांच्या बोटांची भीती वाटते, आणि त्यांना माझी. विळी वापरून झाली की पातं खाली करून आडवी पाडायची, हा नियम आम्हाला लहानपणी आजीने फटके देऊन शिकवला. घरात रांगतं मूल असेल तर विळी ओट्याच्या वर. पात्याला धार लावून झाली की खोबरेल तेलाचं बोट.

पाटा-वरवंटाही आहे, पण त्याला टाकी लावणारी आता कोणी येत नाही. पाटा गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, नुसती सरकते.

वैदर्भीण

काकू, अगदी. आमच्याकडे उन्हाळ्यात वरवंट्यावर ठक ठक ऐकू आली की आया पाटे घेऊन बाहेर यायच्या.

चष्मिष्ट

अवांतर: दोन स्टीलचे पेले एकात एक अडकलेत. हातोडी मारून झाली. उपाय?

घरकोंबडा

हातोडी ठेवा बाजूला, पेला चेपेल. वरच्या पेल्यात बर्फाचं पाणी घाला आणि खालचा कोमट पाण्यात बुडवा. आतला आकसतो, बाहेरचा किंचित पसरतो. मिनिटभराने पिळल्यासारखं फिरवा, सुटतात. पुढच्या वेळी उपडे ठेवा, एकात एक नकोत.

चष्मिष्ट

सुटले!! आतल्यात एक चमचाही निघाला.

अर्धी_वाटी

चमच्यांचा वेगळा धागा काढावा लागेल. डझनाने आणतो आणि वर्षात पाच उरतात. कुठे जातात कोणास ठाऊक. काटे मात्र सगळे जागच्या जागी असतात, कारण कोणी वापरतच नाही.

सांडशी_नव्हे_पक्कड

चमचे भाजीच्या सालांबरोबर जातात. ओल्या कचऱ्यात एकदा चुंबक फिरवून बघा.

नाव घातलेल्या तपेल्यांबद्दल राहिलं. फडताळ, त्यावर तारीख आहे का? लग्नाच्या आहेरातल्या भांड्यांवर नाव, गाव आणि तारीख घालायची पद्धत होती, त्यामुळे भांडं कोणत्या लग्नातलं ते नेमकं कळतं. आमच्याकडे एका पातेल्यावर भलत्याच घराण्याचं नाव आहे. शेजाऱ्यांकडून कधी तरी खीर आली, पातेलं राहिलं. त्यांच्याकडे आमची परात आहे. दोन्ही घरांना माहीत आहे, कोणी विषय काढत नाही.

फडताळ

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! तपेल्यांवर पाहिलं. मोठीवर सासूबाईंच्या आईचं नाव आणि १९५१ असं सन आहे. सासूबाई नुसत्या बघत बसल्या आणि म्हणाल्या, "ही माहेरची, हिला हात लावायचा नाही." म्हणजे जपायला ठेवायचं नाही हा नियम बाकीच्या भांड्यांपुरता होता तर.

तवे कोकणकडांच्या पद्धतीने घासायला घेतलेत. पितळी पातेल्यांतल्या दोघांची कल्हई गेलीय. परात कणकेला ठेवतेय, तिला कल्हई नसली तरी चालेल ना? आणि काशाच्या वाट्यांचं काय करू? शिवाय अजून मुख्य प्रश्न तसाच आहे, मांडणी की ट्रॉली. सुतार उद्या येतोय.

धातुकर्मी

परातीत कणीक भिजवून लगेच काढणार असाल तर चालेल. आंबवायचं पीठ मात्र नको. काशाच्या वाट्या वापरा, पण जपून: कासं म्हणजे तांब्यात भरपूर कथील, वाजतं छान पण ठिसूळ. ओट्यावरून फरशीवर पडली तर पितळेसारखा पोचा येत नाही, सरळ तडा जातो. एकावर एक रचू नका. आंबट त्यातही नको.

घासायला चिंच किंवा लिंबू-मीठ ठीक, पण लावून अर्धा तास ठेवू नका. पितळ त्याने गुलाबीसर पडतं, कारण वरचं जस्त निघून जातं. लावा, चोळा, धुवा, लगेच कोरडं करा. पाण्याचा थेंब राहिला की तिथे डाग.

शेजारची_काकू

काशाची एक वाटी तळपायाला तूप चोळायला ठेव गं. डोळ्यांना थंडावा मिळतो म्हणतात. मिळो न मिळो, झोप लागते एवढं नक्की.

पन्हं

मांडणी-ट्रॉलीवर मी थोडी माघार घेते. रोज दोनदा हाताला लागतं ते भिंतीवर: ताटं, वाट्या, पेले, डाव, ओगराळं. गॅसपासून जरा लांब, म्हणजे धूर कमी बसेल. आठवड्यातून एकदा लागतं ते ट्रॉलीत, आणि ट्रॉली उथळ करायला सांगा, एका थरात बसेल एवढीच. खोल केली की भांड्यांवर भांडी येणारच. मोदकपात्र, सोऱ्या, मोठी पातेली वरच्या कपाटात, आणि दारावर आतून यादी चिकटवा.

घरकोंबडा

पन्हं, हे तर मी पहिल्यापासून म्हणत होतो.

पन्हं

नव्हता म्हणत.

खमंग_फोडणी

झाकण्यांचं सांगायचं राहिलं! सगळ्या स्वयंपाकघरात सर्वात जास्त पसारा झाकण्यांचा. ट्रॉलीत ताटाळ्यासारख्या उभ्या पट्ट्या करून घ्या आणि झाकण्या त्यात उभ्या लावा. कुकरचं झाकण कुकरवर बंद करून ठेवू नका, रिंग आत दबून कडक होते आणि आत वास कोंडतो. झाकण उलटं करून वर ठेवायचं, शिट्टी वाटीत. आमच्याकडे रिंग फ्रीजमध्ये असते, दारातल्या कप्प्यात, लोणच्याशेजारी.

फडताळ

झाकण्यांच्या उभ्या पट्ट्या! हे लिहून ठेवलं. कल्हईवाला कुठे मिळेल? आम्ही पुण्यात.

सांडशी_नव्हे_पक्कड

कसब्यात तांबट आळीत जा. तिथे मठारकाम करणारे कारागीर अजून आहेत, कल्हईचं त्यांनाच विचारा. सकाळी गेलात तर ठोक्यांच्या आवाजानेच आळी सापडेल. भांडी आतून-बाहेरून घासून, कोरडी करून न्या, आणि कल्हई आतूनच हवी आहे असं आधी सांगा.

अर्धी_वाटी

आणि कांडी कानाला लावायला विसरू नका.